काचेच्या दाराबाहेरच्या चपला

प्रश्न विचारणारे भाऊ दर्यापूर तालुक्यातल्या एका मोठ्या गावचे. चार महिन्यांपूर्वी त्यांनी मेन रोडवर कॉफीहाऊस उघडलं. पुण्यात पाहून आले होते तसं मशीन घेतलं, सोफे टाकले, भिंतीवर चित्र काढून घेतलं, काचेचं दार बसवलं. पहिला महिना बसायला जागा मिळत नव्हती. आता संध्याकाळी कॉलेजची चार पोरं येतात आणि एकाच कोल्ड कॉफीत तीन नळ्या टाकून तासभर बसतात. गावातल्या लोकांना विचारलं तर म्हणतात, ‘कॉफी मस्त आहे, पण तिथं बसवत नाही.’ कोणी एकाने मोबाईलवर एकच तारा देऊन ‘सर्व्हिस स्लो’ एवढं लिहून ठेवलंय. आता भाव कमी करू, सजावट बदलू की पोऱ्या बदलू, असं भाऊंचं विचारणं आहे.

भाऊ, प्रश्नासोबत तुम्ही दुकानाचा व्हिडिओ पाठवला, तो मी तीनदा पाहिला. मशीन छान आहे, चित्रही बरं आहे. पण माझी नजर सुरुवातीलाच अडकली. दाराबाहेर पायरीपाशी दोन जोड चपला काढून ठेवलेल्या दिसतात. एक रबरी, निळ्या पट्ट्याची, एक टायरची. तुम्ही चपला काढायची पाटी लावलेली नाही, आतली पोरं बूट घालून सोफ्यावर बसलीत. तरी त्या दोघांनी काढल्या. आणि व्हिडिओ आत जातो तेव्हा अनवाणी पायांचं कोणीच दिसत नाही. म्हणजे ते दोघं बहुतेक काउंटरपाशी, मशीनच्या आडोशाला उभे असणार. बसले नसणार.

माझ्या मते तुमच्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर त्या पायरीवर पडलेलं आहे. तुमच्याकडे आलं की माणसाला लाजल्यासारखं होते. पाय मळलेले, नाव वाचता येत नाही, भाव विचारायची सोय नाही, मागितलेलं कधी येईल माहीत नाही. अशा ठिकाणी माणूस एकदा हौसेनं येते, पोराबाळांना दाखवते, फोटो काढते आणि पुन्हा पानठेल्यापाशीच उभं राहते.

मी कोण ते सांगते, म्हणजे वजन करता येईल. मोर्शी-वरुड भागात, एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोर आमचं हॉटेल आहे. आपल्याकडे हॉटेल म्हणजे राहायचं नव्हे, चहा-फराळाचं. सासऱ्यांनी चहाची कँटीन म्हणून सुरू केलं. २००३ पासून गल्ल्यावर मी बसते आणि कॉफी मी आणली. सकाळी तर्री-पोहे, आलूबोंडा, दुपारनंतर कॉफीच जास्त. संत्र्याच्या बहाराला व्यापारी, गाडीवाले, तोडाईचे मजूर, एरवी तहसीलच्या कामाला आलेली खेड्यांवरची माणसं, शिक्षक, आयटीआयची पोरं. सगळे एकाच छपराखाली येतात आणि एकमेकांकडे पाहतात. ह्या पाहण्यावरच आमचा धंदा उभा असते किंवा बसते.

आपल्याकडे कॉफी ही रोजची वस्तू नाही, हे आधी ध्यानात घ्या. रोजचा तो चहा. कॉफी पाहुणा आला की, नाहीतर बाळंतिणीला, नाहीतर थंडीत जायफळ किसून. माझ्या वयाच्या कोणालाही ‘कॉफी’ म्हटलं की दुधाळ, गोड, जायफळाच्या वासाची आठवते. त्यामुळे कडू, काळी कॉफी पुढे आली की माणूस तिला वाईट म्हणत नाही, स्वतःला अडाणी समजते. आमच्याकडे एकदा एका पाहुण्या पोरानं हौसेनं बिनदुधाची कॉफी करून एका सरपंचांना दिली. त्यांनी कपात डोकावून पाहिलं आणि हळूच मला विचारलं, ‘काकू, दूध संपलं काय?’ मी हसले नाही. हसले असते तर तो माणूस पुन्हा आला नसता, आणि त्याच्यासोबत येणारे पाचजण पण नसते आले.

गंमत अशी की आपल्याच अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याला, कॉफी पिकते. इंग्रजांच्या काळापासूनची झाडं आहेत तिथं. हे कोणी गिऱ्हाईक स्वतःहून सांगते, कोणी पहिल्यांदा ऐकून चाट पडते, आणि दोन टेबलांत गप्पा जुळतात. मी त्याची पाटी लावलेली नाही. पाटी लावली की बोलायचं कारण संपते.

आता कामाचं. तुमचा मेनू व्हिडिओत दिसला. सगळा इंग्रजीत आणि सगळी इटलीची नावं. तो आधी मराठीत करा. नाव ठेवायचं तर ठेवा, पण खाली लिहा: फेसाची कॉफी, दूध जास्त. कडक कॉफी, दूध नाही. जायफळाची घरगुती कॉफी. आणि भाव मोठ्या आकड्यात. आपल्याकडचा माणूस भाव विचारत नाही, विचारणं कमीपणाचं वाटते. तो अंदाज करते, अंदाज जास्तीचा निघते आणि उठून जाते. ‘येतो थोड्या वेळानं’ म्हणते. पोऱ्याला सांगून ठेवा, वही-पेन घेऊन डोक्यावर उभं राहायचं नाही. पाणी ठेवायचं, ‘बसा भाऊ, सांगा निवांत’ म्हणून बाजूला व्हायचं.

पाण्यावर मी जरा थांबते, कारण अर्धी सर्व्हिस पाणीच असते. उन्हातून आलेला माणूस पहिले पाण्याकडे पाहते. आमचा एक जुना पोऱ्या चार ग्लास एका हातात आणायचा, चार बोटं चार ग्लासांत बुडवून. किती वर्षं ते मला दिसतच नव्हतं, डोळ्याला सवय झालेली. एक दिवस एक मास्तरीण बाई बसल्या होत्या. त्यांनी ग्लास उचलला, पोऱ्याच्या बोटांकडे पाहिलं, ग्लास खाली ठेवला आणि पर्समधली बाटली काढली. एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून आमच्याकडे ग्लास ट्रेमध्ये येतात आणि खालून धरायचे. असं गिऱ्हाईक तक्रार करत नाही भाऊ, बाटली काढते. तुम्ही बाटल्या मोजत जा.

तुमच्याकडे पाण्याचं आणखी एक आहे. दर्यापूर म्हणजे पूर्णेचा खारपाणपट्टा, बोअरचं पाणी खारं. ते पाणी तुम्ही कॉफीत वापरत असाल तर चव मारली जाते, आणि तुम्ही पावडर वाढवत जाता, मग कडू लागते. शिवाय मशीनच्या बॉयलरला आतून क्षार धरतात, नळ्या बारीक होतात, वाफ कमी येते, दूध नीट फेसाळत नाही आणि कप यायला वेळ लागते. ‘सर्व्हिस स्लो’ मधला थोडा भाग मला हाच वाटते. मशीनला नळाचं नाहीतर आरओच्या कॅनचं पाणी द्या आणि कंपनीनं सांगितलं त्या मुदतीत क्षार काढून घ्या. पिण्यालाही तेच ठेवा. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला गोडं पाणी मोफत मिळालं तर तो पाण्यासाठी येईल आणि कॉफी पिऊन जाईल. हे मी गमतीत म्हणत नाही.

उशिराचं दुसरं कारण तुमचं मशीनच. एका वेळी एकच कप काढते. कडक कॉफीचा घोट निघायला २५–३० सेकंदच लागतात, पण दूध तापवणं, फेस, पुसणं, पुन्हा भरणं, सगळं धरून एका माणसाचे तीन मिनिटं जातात. सहाजण आले तर सहावा पंधरा-अठरा मिनिटं नुसता बसते. शहरात तो मोबाईल पाहते. आपल्याकडे त्याची गाडी असते. स्टँडवरून शेवटची गाडी साडेसहाची असेल आणि सव्वासहाला कप आला, तर तो भाजका घोट घेऊन धावते आणि आयुष्यभर तुम्हाला नावं ठेवते. आमच्याकडे पहिला प्रश्न हाच असते: ‘गाडी कोणती हाय?’ गाडी कळली की भट्टीवाल्याला आपोआप कळते कोणाचं आधी.

ह्यावर उपाय दक्षिणेतल्या लोकांचा आहे. पितळेचा किंवा स्टीलचा दोन भांड्यांचा फिल्टर घ्या, मोठा. वरच्या भांड्यात पावडर दाबून, उकळी येऊन गेलेलं पाणी ओता, झाकण ठेवा. वीस मिनिटांत खाली डिकाशन उतरते. सकाळी एकदा, दुपारी तीनला एकदा. मग गर्दीत फक्त गरम दूध, डिकाशन आणि साखर. अर्ध्या मिनिटात कप. वीज गेली तरी गॅसवर चालते, आणि वीज तुमच्याकडे पण जातच असेल. मशीन बंद पडलं म्हणून ‘कॉफी नाही’ असं कॉफीहाऊसवाल्यानं सांगणं शोभत नाही. पावडर घेताना पाकीट वाचा: कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते आणि चिकोरी किती ते छापलेलं असते. चिकोरी थोडी असली तर रंग आणि दाटपणा येते, आपल्या लोकांना आवडते. जास्त झाली की नुसता गूळ जाळल्यासारखा वास. दूध मात्र पुन्हापुन्हा उकळू नका, साय धरते आणि करपट वास मारते. म्हशीचं दूध असेल तर जराशी पाण्याची धार चालते, गिऱ्हाईकासमोर टाकू नका एवढंच.

दुधावरून माझीच एक फजिती. मे महिना, रात्री फ्रीज बंद पडलेला, सकाळी पातेलं तापवलं तर वरून ठीक दिसत होतं. एका ट्रकवाल्या भाऊंनी कॉफी घेतली, एक घोट घेऊन म्हणाले, ‘काकू, दूध फाटलं दिसते.’ गल्ल्यापाशी सहा-सात माणसं. मला वाटलं, माझा अपमान झाला. मी म्हटलं, ‘आमचं दूध रोज पहाटेचं असते, तुमच्या तोंडालाच चव नसेल.’ ते काही बोलले नाहीत. पैसे टेबलावर ठेवले, बशीत कप उपडा घातला आणि गेले. मागून मी पातेलं पाहिलं, तळाशी दाणे धरले होते. ते भाऊ दीड वर्ष समोरच्या टपरीवर चहा पीत होते, माझ्याकडे पाठ करून. एक दिवस मीच रस्ता ओलांडून गेले आणि म्हटलं, ‘भाऊ, तेव्हा दूध फाटलंच होतं.’ ते हसले. म्हणाले, ‘मले माहीत हाय नं.’ आता आमच्याकडे नियम आहे: कोणी नाक मुरडलं की चव पाहायची नाही, वाद नाही, कप उचलायचा आणि दुसरा आणायचा, पैसे पहिल्याचेही नाही आणि दुसऱ्याचेही नाही. महिन्यातून दोन-तीन कप जातात. एखादा लबाडही निघते. चालते.

हवेचं बोलू. तुम्ही काचेचं दार लावून आत कूलर ठेवलाय, बरोबर? व्हिडिओत त्याचा आवाज येते. भाऊ, कूलर पाणी उडवून हवा गार करते. त्याला बाहेरची कोरडी हवा ओढायला लागते आणि आतली ओली हवा बाहेर जायला वाट लागते. बंद काचेच्या खोलीत तो तासाभरात चिकचिक करून सोडते. कपडे अंगाला चिकटतात, पावडरच्या डब्यात गोळे होतात, बिस्किटं मऊ पडतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेल्यावर मोकळ्या खोलीत कूलरसारखं सुख नाही, आणि बंद खोलीत त्याच्यासारखा छळ नाही. एकतर एसी लावून दार बंद ठेवा, नाहीतर कूलर खिडकीत बाहेरून बसवा, समोरची झडप उघडा आणि दार उघडं टाका. तुमच्या ठिकाणी मी दुसरं करीन. दाराला वीट लावा. चपलांचा अर्धा प्रश्न तिथंच सुटते, कारण उघड्या दारातून माणूस चालत आत येते, काचेसमोर मात्र थांबून स्वतःला पाहते.

सोफे काढा असं म्हणणार नाही, पैसे घातले आहेत. पण दोन-तीन टेबलं साध्या उंच खुर्च्यांची करा. सोफा बसका असते. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्याला त्यातून उठता येत नाही, हात धरून उठवावं लागते आणि चार पोरं पाहतात. नऊवारीतली बाई त्यात बसतच नाही. तुमच्याकडे पोरंच का येतात, ह्याचं एक कारण बैठकीची उंची आहे. हे कोणी तुम्हाला सांगणार नाही कारण कोणाला सांगता येत नाही, फक्त ‘बसवत नाही’ म्हणतात. तुम्ही तो शब्द वातावरणाचा समजलात. काहीजण खरंच बसण्याबद्दल बोलत असतील.

बायका आणि पोरींसाठी म्हणून पडद्याचे कप्पे करायचा विचार असेल तर करू नका. मी केले होते, २००८ साली, प्लायवूडचे दोन. वर्षभरात त्या कप्प्यांना नाव पडलं, आणि ज्या घरच्या बायका सासरी-माहेरी जाताना निवांत बसायच्या त्या यायच्या बंद झाल्या. तोडून टाकले. आता गल्ल्यासमोरचं, रस्त्यावरून अर्धं दिसणारं टेबल त्यांचं. पाटी नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. कॉलेजच्या पोरी तिथं बसतात कारण घरी कोणी विचारलं तर ‘काकूच्या समोर होतो’ असं सांगता येते. तुमच्याकडे गल्ल्यावर बाई नसेल तर तुमची आई दुपारी दोन तास बसेल का ते विचारा. पगार द्या हं.

खर्र्याचं, म्हणजे तंबाखू-सुपारीचं, टाळता येणार नाही. तोंडात खर्रा असलेला माणूस कॉफी प्यायला आला की आधी थुंकणार, आणि तुमचं पांढरं बेसिन आत आहे. ‘थुंकू नये’ ची पाटी मी लावून पाहिली, लोक पाटीवरच नेम धरतात. बेसिन बाहेर काढलं, शेजारी वाळूची बादली ठेवली, आणि पोऱ्या विचारते, ‘चूळ भरता काय भाऊ? बाहेर पाणी हाय.’ एवढ्यानं निभलं. पूर्ण नाही, पण भिंत पांढरी राहिली.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. ह्यात माझी चूक झाली आहे आणि तुमचीही होत असावी, कारण व्हिडिओत काउंटरवर कागदी कपांची चळत आणि आत टेबलांवर चिनी मातीचे मग असे दोन्ही दिसतात.

संत्र्याच्या तोडाईचे दिवस होते. सकाळी सातला गर्दी, कप धुवून होत नव्हते. मी पोऱ्याला म्हटलं, बाहेर उभे आहेत त्यांना कागदी दे, आत बसले आहेत त्यांना कपबशी. मला त्यात काही वाटलं नाही, धुण्याचा हिशेब होता. बाहेर उभे होते ते मजूर होते, आत बसले होते ते व्यापारी आणि पंचायत समितीचे बाबू. एक साठी उलटलेले आजोबा, डोक्याला पांढरा रुमाल, कागदी कप हातात घेऊन तसेच उभे राहिले. प्यायले नाहीत. सगळे गेल्यावर गल्ल्याजवळ आले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, ‘माय, आमाले कपात नाही भेटत काय अजून?’

‘अजून’ हा शब्द. त्यांच्या लहानपणी गावोगावच्या हॉटेलांत काही लोकांसाठी वेगळी कपबशी असायची, बाहेर खुंटीला टांगलेली, प्यायची आणि आपली आपण धुऊन ठेवायची. मी ते पाहिलेलं नाही, पण त्यांनी पाहिलं होतं, त्यांच्या हातांनी ते कप धुतले होते. राज्यघटनेच्या १५व्या कलमात हॉटेलात जातीवरून कोणालाही अडवता येणार नाही असं लिहिलं आहे, १९५५ साली त्याचा कायदाही झाला. माझ्या मनात भेद नव्हता. पण बाहेर कागद आणि आत चिनी माती असं दिसलं की त्या माणसाला काय दिसते, हे मी ठरवू शकत नाही. मी त्यांना आत बसवलं, कपबशीत कॉफी दिली. त्यांनी बशीत ओतून, फुंकर मारून, सावकाश प्यायली. त्या आठवड्यात मी सहा डझन कपबश्या आणल्या आणि एक बाई धुण्याला वाढवली. कागदी कप आता फक्त गाडीत नेणाऱ्याला, मग तो कोणीही असो.

पोऱ्याचं बोलणंही त्याच कानानं ऐका. कडक इस्त्रीवाल्याला ‘तुम्ही, साहेब’ आणि मळक्या सदऱ्यावाल्याला ‘काय पायजे बे’, हे तुमच्या पाठीमागे होत असते. सगळ्यांना ‘तुम्ही’ आणि ‘भाऊ’, ‘काकाजी’, ‘मावशी’. नागपूरला सदरमधल्या इंडियन कॉफी हाऊसात मी पहिल्यांदा गेले तेव्हा हेच पाहिलं. कॉफी बोर्डानं आपली दुकानं बंद करायला घेतली तेव्हा, १९५७ पासून, कामगारांनीच सहकारी सोसायट्या करून ती चालवायला घेतली, त्यातलं ते. साधी टेबलं, सजावट म्हणावी अशी काही नाही, आणि पांढऱ्या कपड्यातला माणूस माझ्यासारख्या गावच्या बाईला आणि शेजारच्या वकिलाला सारखाच वाकून पाणी देत होता. मी तिथून एक कप कॉफी आणि एवढंच घेऊन आले. बाकी पोऱ्या म्हणताना सवयीनं म्हणते, पण चौदा वर्षांखालचं पोर कामाला ठेवू नका. हॉटेलात २००६ पासून बंदी आहे, आणि आता गिऱ्हाईकही डोळे मोठे करून पाहते.

आपण पैसे घेताना गिऱ्हाईकाला लाज कशी वाटते ते ऐका. तुमच्याकडे ते बोलणारं यंत्र आहे, ‘पंधरा रुपये प्राप्त झाले’ म्हणून ओरडणारं. चौघं मित्र आले, तिघांनी आपापले दिले, चौथ्याच्या खात्यात नव्हते, त्याच्या वेळी यंत्र बोललं नाही. सगळ्यांना कळलं. आवाज कमी करून ते गल्ल्याखाली ठेवा, तुम्हाला ऐकू आलं म्हणजे झालं. उधारीची वही असेल तर ती उघडून नाव मोठ्यानं वाचू नका. नोटाबंदीच्या वेळी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, माझ्याकडे एकदम शंभरावर नावं वहीत गेली. मी कोणाला मागितले नाहीत, संत्र्याचे पैसे हातात आले तसे लोकांनी आणून दिले. बुडाले ते थोड्यांचे. पण ज्या एका-दोघांना मी लोकांसमोर आठवण दिली, ते आजही पलीकडच्या गल्लीतून स्टँडवर जातात.

एका कोल्ड कॉफीत तासभर बसणाऱ्या पोरांचा तुम्हाला राग येते, तो समजते. पण रिकाम्या दुकानात कोणी शिरत नाही, ती पोरं तुमची पाटी आहेत. त्यांच्या टेबलावर दर पाच मिनिटांनी फडकं मारू नका. आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी सकाळी आठला हाफ कॉफी घेतात आणि दहापर्यंत पेपर वाचतात. गर्दी झाली की मी म्हणते, ‘गुरुजी, इकडे गल्ल्यापाशी बसा, मला बातम्या सांगा.’ टेबल रिकामं होते आणि गुरुजी खूश होतात. तुमच्या पोरांना गर्दीच्या वेळी कोपऱ्यातल्या सोफ्याकडे बोलवा, दोघं तुमच्या कामालाही येतील. गाण्यांचा आवाज मात्र निम्मा करा. समोरचं बोललेलं ऐकू आलं पाहिजे. आपल्याकडे सौदा, सोयरीक आणि कोर्टाची तारीख, तिन्ही कॉफीच्या टेबलावर ठरते.

भावाचं थोडक्यात. सगळा भाव पाडू नका, पाडलेला भाव पुन्हा चढत नाही. फिल्टरची छोटी कपबशी टपरीच्या चहापेक्षा पाच-दहा रुपये वर ठेवा, मशीनची कॉफी आहे त्या भावात राहू द्या. एका ताऱ्यावाल्याला उत्तर लिहिताना ‘आमची सर्व्हिस चांगली आहे’ असं लिहू नका. ‘उशीर झाला होता, आता फिल्टर आणला आहे, या’ एवढं पुरे.

करायचंच तर ह्या क्रमानं करा: उद्या सकाळी दाराला वीट, ट्रेमध्ये पाणी, मेनू मराठीत. आठवड्याभरात फिल्टर आणि सगळ्यांना एकसारखे कप. खुर्च्या आणि बेसिन महिन्याभरात झाले तरी चालते. पोऱ्या बदलू नका, त्याला दोन दिवस माझ्याकडे पाठवा. राहायची सोय आहे, जेवण आमच्याकडे.

आणि त्या चपला कोणाच्या होत्या ते शोधून काढा. गाव मोठं असलं तरी शहर नाही, निळ्या पट्ट्याची रबरी चप्पल ओळखू येईल. भेटले की चपलेसकट आत आणून बसवा, आणि त्यांनी काय मागवलं ते मला कळवा. माझी पैज जायफळाच्या कॉफीवर आहे.